किती दाबायचं? १८५१ चं कुलूप-प्रकरण आणि टेन्शन रेंचचा इतिहास

कुलूप पिक करणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला चोर येतो. हेअरपिन आत घातली, दोनदा हलवली, खट्ट! पण छंद म्हणून ज्यांनी स्वतःची दोन-चार कुलपं अशी उघडली आहेत, त्यांना विचारा. ते सांगतील की आत हलणारं हत्यार, म्हणजे पिक, फक्त निम्मं काम करतं. उरलेलं काम दुसऱ्या हातातली एक वाकडी पट्टी करते. तिला टेन्शन रेंच म्हणतात. ती किल्लीच्या भोकात एका कडेला अडकवायची आणि किल्ली फिरवतो त्या दिशेला अगदी हलका दाब देत राहायचं. हा दाब नसेल तर पिक कितीही हलवा, कुलूप ढिम्म. आणि दाब जास्त झाला तरीही ढिम्म.

मराठीत टेन्शन म्हणजे चिंता. इथल्या टेन्शनचा अर्थ वेगळा आहे, आणि पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तोही चुकीचाच आहे. ही पट्टी ओढत नाही, पिळते. म्हणजे हा टॉर्क आहे. पण नाव रूढ झालंय, आपणही तेच वापरू.

मी घर्षणावर काम करते, त्यामुळे या विषयात मला रस असणं साहजिक आहे. पण आजचा लेख घर्षणाच्या समीकरणांवर नाही. १८५१ साली लंडनमध्ये घडलेल्या एका प्रकरणावर आहे. प्रश्न साधा होता: 'हे कुलूप किल्लीशिवाय उघडता येतं का?' त्याचं उत्तर मिळवताना प्रयोग कसा आखायचा, पंच कोण असावेत, नियम कधी ठरवायचे आणि निकाल जाहीर करायचा की दडवायचा, हे सगळे वाद झाले. तुमच्यापैकी जे पीएचडीच्या तयारीत आहेत, त्यांना हे वाद पुढे वेगळ्या नावांनी भेटणार आहेत. म्हणून हा लेख.

आधी कुलपाच्या आत काय असतं ते बघू

आपल्याकडच्या पितळी किंवा लोखंडी कुलपांवर '६ लिव्हर', '७ लिव्हर', '८ लिव्हर' असं कोरलेलं असतं. बघितलं नसेल तर आज घरी जाऊन बघा. लिव्हर म्हणजे एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या. प्रत्येक पट्टीत एक खाच कापलेली असते. कुलपाच्या बोल्टवर एक खुंटी असते. बोल्ट सरकायचा असेल तर ही खुंटी सगळ्या पट्ट्यांच्या खाचांतून एकाच वेळी जायला हवी. म्हणजे सगळ्या खाचा एका रांगेत याव्या लागतात. किल्लीचे दाते तेच करतात. प्रत्येक दाता आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो.

नेमक्या हा शब्द महत्त्वाचा. आधीच्या कुलपांत पट्टी पुरेशी उचलली की झालं, जास्त उचलली तरी चालायचं. १७७८ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी पेटंट घेतलेल्या कुलपात पट्टी कमी उचलली तरी अडणार आणि जास्त उचलली तरी अडणार, अशी सोय होती. आजची लिव्हर कुलपं याच कल्पनेवर चालतात.

आता गणित करा. समजा ५ पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीच्या ६ संभाव्य उंची आहेत. एकूण शक्यता ६ × ६ × ६ × ६ × ६, म्हणजे ७,७७६. कुलूप बनवणारा हाच आकडा अभिमानाने सांगतो. पट्ट्या वाढवल्या की आकडा झपाट्याने फुगतो.

या गणितात एक गृहीतक लपलेलं आहे. सगळ्या पट्ट्या बरोबर बसल्याशिवाय कुलूप तुम्हाला काहीच सांगत नाही, असं आपण धरून चाललोय. मधली कुठलीच खबर नाही. एकतर उघडलं, नाहीतर नाही उघडलं. हे गृहीतक खरं असतं तर टेन्शन रेंचचा काही उपयोगच झाला नसता.

दोन कुलपं, दोन आव्हानं

जोसेफ ब्रामा यांनी १७८४ साली एका वेगळ्याच कुलपाचं पेटंट घेतलं. त्यात पट्ट्यांऐवजी नळकांड्याच्या परिघावर उभे स्लायडर बसवलेले होते. किल्ली म्हणजे एक छोटी नळी, तिच्या टोकाला कमी-जास्त खोलीचे चर. किल्ली आत दाबली की प्रत्येक स्लायडर वेगवेगळ्या अंतरावर ढकलला जातो, त्यांच्या खाचा एका पातळीत येतात आणि नळकांडं फिरतं. १७९० साली लंडनच्या पिकॅडिलीमधल्या दुकानाच्या खिडकीत ब्रामा कंपनीने असं एक कुलूप मांडलं. शेजारी पाटी: हे उघडू शकणारं हत्यार जो बनवेल त्याला २०० गिनी. या कुलपात १८ स्लायडर होते, आणि शक्यतांचा आकडा ४७ कोटी असा सांगितला जातो. दर सेकंदाला एक शक्यता तपासली, तरी सगळ्या संपायला सुमारे १५ वर्षं लागतील.

दुसरं कुलूप चब यांचं. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत चोरी झाली. त्यानंतर सरकारने, दुसऱ्या किल्लीने उघडणार नाही अशा कुलपासाठी बक्षीस ठेवलं. जेरेमाया चब यांनी १८१८ साली डिटेक्टर कुलपाचं पेटंट घेतलं. कुणी आत खटपट करताना एखादी पट्टी जास्त उचलली, तर ती एका स्प्रिंगमध्ये अडकून बसायची आणि कुलूप ठप्प व्हायचं. मालकाने खरी किल्ली घातली की ती लगेच फिरायची नाही, आणि त्याला कळायचं की कुणीतरी हात लावलाय. पोर्ट्समथमधल्या तुरुंग-जहाजावर एक कैदी होता, पेशाने कुलूपवाला. त्याला सांगितलं गेलं की हे उघड, सरकार तुला माफी देईल आणि चब १०० पौंड देतील. तो दोन-तीन महिने झटला आणि हरला.

आता १८५१ च्या ग्राहकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ब्रामांचं कुलूप ६१ वर्षं उघड्यावर आव्हान देत बसलंय. चबचं कुलूप तुरुंगातल्या तज्ज्ञालाही उघडलं नाही. त्याच वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात मोठं प्रदर्शन भरलं. तिथे भारतातून नेलेला कोहिनूर लोकांना दाखवला गेला, तोसुद्धा चब कंपनीने बनवलेल्या सुरक्षा-पिंजऱ्यातून. यापेक्षा मोठी जाहिरात ती कोणती?

हॉब्ज येतो

आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकेतल्या बोस्टनचा माणूस, जन्म १८१२. न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूएल कंपनीचं कुलूप घेऊन तो प्रदर्शनाला आला होता. म्हणजे तो तटस्थ अभ्यासक नव्हता, स्पर्धक कंपनीचा विक्रेता होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते महत्त्वाचं ठरतं.

२२ जुलै १८५१ रोजी वेस्टमिन्स्टरमधल्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरच्या ३४ क्रमांकाच्या घरात साक्षीदार जमले. तिथल्या तिजोरीच्या खोलीच्या दाराला चबचं डिटेक्टर कुलूप होतं. हॉब्जने ते २५ मिनिटांत उघडलं. मग साक्षीदारांच्या सांगण्यावरून परत लावून दाखवलं, त्याला ७ मिनिटं लागली. डिटेक्टर अडकलेला नव्हता.

त्याने केलं काय? बोल्टवर उघडायच्या दिशेने हलका दाब दिला. बोल्टची खुंटी पट्ट्यांवर टेकली. आता एक गोष्ट बघा. सगळ्या पट्ट्या कागदावर सारख्या असल्या तरी धातूत कधीच सारख्या नसतात. एखादी केसभर पुढे असते, एखादी मागे. खुंटी सगळ्यांत पुढच्या पट्टीवर आधी टेकते. ती एकच पट्टी चिमटल्यासारखी घट्ट होते, बाकीच्या सैल राहतात. मग एका तारेने एकेक पट्टी चाचपायची. घट्ट लागेल ती हळूच उचलायची. तिची खाच खुंटीसमोर आली की खुंटी किंचित आत सरकते, आणि आता दुसरी पट्टी घट्ट होते. असं एकेक करत शेवटपर्यंत.

चबचा डिटेक्टर या पद्धतीपुढे फारसा टिकत नाही. उलट तो अडकला तर त्यातूनच कळतं की कुठली पट्टी जास्त उचलली गेली. आणि डिटेक्टर मोकळा करण्याची सोय कुलपातच होती, कारण मालकाला ती लागणारच. पहारेकरी चोरालाच खबर देत होता म्हणा ना.

७,७७६ चं गणित इथे कोसळतं. कुलूप 'ही पट्टी बसली' अशी खबर मध्येच देत असेल, तर गुणाकाराची बेरीज होते. ५ पट्ट्या, प्रत्येकीच्या ६ उंची, म्हणजे जास्तीत जास्त ३० तपासण्या. कुठली पट्टी घट्ट आहे ते शोधायला थोड्या आणखी, ५ + ४ + ३ + २ + १, म्हणजे १५. तरी पन्नासच्या आत.

५१ तास

ब्रामांच्या बाबतीत हॉब्जने घाई केली नाही. आधी नियम ठरले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. तीन पंच नेमले गेले, त्यांत अभियंता जॉर्ज रेनी आणि किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक कूपर होते. कुलूप लाकडाच्या ठोकळ्यात बंद करून दाराला स्क्रूने बसवायचं, स्क्रू सीलबंद. हॉब्जला फक्त किल्लीचं भोक आणि कोयंडा मोकळा. तो काम करत नसेल तेव्हा भोकावर लोखंडी पट्टी आणि सील, म्हणजे दुसरं कुणी हात लावणार नाही. खरी किल्लीसुद्धा सीलबंद. मुदत ३० दिवस.

२४ जुलैला काम सुरू झालं आणि २३ ऑगस्टला कुलूप उघडलं. प्रत्यक्ष काम १६ दिवसांत विभागलेले सुमारे ५१ तास. ऑगस्टअखेर पंचांसमोर त्याने ते पुन्हा उघडून दाखवलं. मग सील फोडून खरी किल्ली घातली, आणि ती नेहमीसारखी चालली. म्हणजे आतल्या भागांची मोडतोड झालेली नव्हती.

१८ स्लायडरना ५१ तास, म्हणजे एकेकाला सरासरी पावणेतीन तासांहून थोडं जास्त. इतका वेळ एका हाताने एकसारखा हलका दाब देत राहणं कुणालाही जमणार नाही. हात थकतो, दाब कमी-जास्त होतो, आणि बसलेले स्लायडर निसटतात. म्हणून हॉब्जने दाब देण्याचं काम हाताकडून काढून घेतलं. लाकडाला पक्की बसवलेली एक यंत्रणा त्याने वापरली. ती आतली स्प्रिंग दाबून धरायची आणि नळकांड्यावर ठरावीक दाब टिकवून ठेवायची. त्याचे हात फक्त चाचपायला आणि मोजायला मोकळे राहिले.

भांडण नेमकं इथेच झालं. ब्रामा कंपनीचं म्हणणं असं की हे काही पिक करणं नव्हे. पक्की बसवलेली यंत्रणा, ठोकळ्यातलं कुलूप, इतके दिवस शांतपणे काम. कुठल्या चोराला असं मिळणार? पंचांनी निकाल हॉब्जच्या बाजूने दिला. कंपनीने २०० गिनी दिल्या, पण निषेध नोंदवून.

कोण बरोबर होतं? माझ्या मते दोघंही आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होते. 'रात्रीत येणारा चोर हे उघडेल का?' या प्रश्नाला ब्रामांचं उत्तर योग्य आहे. 'हे कुलूप तत्त्वतः अभेद्य आहे का?' या प्रश्नाला हॉब्जचं. पण पाटीवर चोराच्या अडचणींचा उल्लेख नव्हता. हत्यार बनवा आणि उघडा, एवढंच होतं. दावा मोठा करायचा आणि तो पडला की प्रश्न लहान करायचा, हे आजही शोधनिबंधांच्या परीक्षणात घडतं.

दाबाचं गणित

आता छंदाकडे वळू. आज बहुतेक लोक शिकतात ते पिन-टंबलर कुलपावर. त्याची आजची घडण लायनस येल ज्युनिअर यांच्या १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांमधून आली. गंमत म्हणजे हॉब्ज ज्या कंपनीचं कुलूप विकायला लंडनला गेला होता, तेसुद्धा पुढे याच येलने उघडून दाखवलं.

पिन-टंबलरमध्ये पट्ट्यांऐवजी पिनांच्या जोड्या असतात आणि बोल्टऐवजी फिरणारं नळकांडं, त्याला प्लग म्हणतात. तत्त्व तेच. प्लगला हलका पीळ दिला की सगळ्यांत आधी अडणारी एक पिन घट्ट होते. ती वर ढकलली की जोडीचा सांधा प्लगच्या कडेशी येतो, प्लग अगदी किंचित फिरतो, वरची पिन त्या कडेवर टेकून बसते, आणि दुसरी पिन घट्ट होते.

समजा प्लगचा व्यास साडेबारा मिलिमीटर आहे, म्हणजे त्रिज्या सव्वासहा. तुमच्या टेन्शन रेंचचा दांडा ७५ मिलिमीटर. तुम्ही टोकाला बोटाने ५० ग्रॅम वजनाएवढा दाब दिलात. टॉर्क तोच राहतो, म्हणून प्लगच्या कडेला बळ ७५ भागिले ६.२५, म्हणजे १२ पट होतं. बोटावर ५० ग्रॅम, पिनेवर ६०० ग्रॅम! तेच बोट दांड्याच्या मध्यावर ठेवलं तर ३०० ग्रॅम. म्हणजे 'हलका दाब द्या' हे वाक्य बोट कुठे ठेवायचं ते सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

घट्ट पिन सरकवायला किती जोर लागेल? घर्षण गुणांक समजा ०.२ धरला, तर ६०० ग्रॅमवर १२० ग्रॅम, शिवाय तिच्या स्प्रिंगचा जोर. सैल पिनेला फक्त स्प्रिंगचा जोर. हा फरक बोटाला कळतो. हाच तुमचा सिग्नल.

दाब खूप कमी असेल तर हा फरक कळण्याइतका उरत नाही, आणि बसलेल्या पिना परत खाली पडतात. दाब खूप जास्त असेल तर धातू किंचित दबतो, प्लग किंचित कलतो, आणि एकाऐवजी तीन-चार पिना एकदम घट्ट होतात. मग कुठली पहिली ते कळत नाही. जोर लावून ढकललं तर पिन हव्या त्या जागेच्या वर जाऊन तिथेच अडकते. शिवाय बारीक पट्टी वाकते किंवा तुटते. नवशिके बहुतेक वेळा जास्त दाबतात, कारण कुलूप उघडत नाही तर जोर वाढवावा असं मनाला वाटतं. इथे जोर वाढवला की सिग्नल बुडतो.

पट्टी कोणती घ्यायची?

तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, जागा. पट्टी भोकाच्या पिनांपासून दूरच्या टोकाला लावता येते किंवा पिनांजवळच्या टोकाला. पिनांपासून दूर लावणं सोपं, पण पिकला फिरायची जागा कमी उरते आणि पट्टी कुलपाच्या कवचाला घासली तर सगळी जाणीव खोटी होते. पिनांजवळच्या टोकाला, अगदी भोकाच्या तोंडाशी चपटी पट्टी बसवली तर बाकीचं भोक पिकला मोकळं मिळतं. अरुंद भोकांसाठी अनुभवी मंडळी हीच पद्धत घेतात. अट एकच, पहिल्या पिनेला ती टेकता कामा नये.

दुसरी, जाडी. चपट्या पट्ट्या साधारण एक मिलिमीटरच्या आसपासच्या वेगवेगळ्या जाडीत मिळतात. भोकात डगमगणार नाही अशी घट्ट बसणारी निवडायची. डगमगणारी पट्टी म्हणजे सैल बसवलेला सेन्सर. दाब दिला तो प्लगला गेला की पट्टी हलण्यात वाया गेला, हेच समजत नाही.

तिसरी, ताठपणा. ताठ पट्टीतून प्लगची बारीकशी हालचालही बोटापर्यंत पोचते. लवचीक किंवा पीळ दिलेली पट्टी वाकताना दिसते, त्यामुळे आपण किती दाबतोय ते डोळ्यांनी कळतं, जणू काटा असलेला ताणकाटा. पण तीच लवचीकता उलट येणारी खबर मऊ करते. स्प्रिंगची गुंडाळी असलेल्या पट्ट्याही मिळतात. त्या दाब सौम्य ठेवतात, पण बोट जवळजवळ बहिरं करतात. हॉब्जची पक्की यंत्रणा आणि आजची स्प्रिंगची पट्टी एकाच गरजेतून आल्या: दाब एकसारखा राहावा. फरक एवढाच की हॉब्जने तो एकसारखा ठेवताना चाचपणारं हत्यार ताठ ठेवलं. दाब देणारा भाग स्थिर, मोजणारा भाग संवेदनशील.

लिव्हर कुलपाला वेगळं हत्यार लागतं. त्यात एक भाग बोल्टवर दाब देतो आणि दुसरी तार पट्ट्या उचलते. इंग्लंडमध्ये अशा तारेला आजही हॉब्जच्या नावाने ओळखतात.

आणि छंदाचे दोन नियम, जे जगभरचे गट पहिल्या दिवशी सांगतात: कुलूप स्वतःचं असावं, आणि ते रोजच्या वापरातलं नसावं. दुसऱ्याच्या दाराला हात लावणं हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

खोट्या खाचा

मग कुलूप बनवणारे गप्प बसले का? मुळीच नाही. ब्रामांकडच्या रसेल यांनी १८१७ सालीच स्लायडरवर खोट्या खाचा घालायला सुरुवात केली होती. खऱ्या खाचेच्या आसपास कमी खोलीच्या खाचा. दाब देऊन चाचपणाऱ्याला वाटतं बसला, पण तो खोट्या खाचेत अडकलेला असतो. हॉब्जचे ५१ तास लागण्यामागे हेही एक कारण आहे.

आजच्या कुलपांत हीच युक्ती स्पूल पिनेच्या रूपात भेटते. दोऱ्याच्या रिळासारखी मध्ये बारीक झालेली पिन. ती अर्धवट वर गेली की प्लग बराच फिरतो, आणि माणूस खूश होतो. पण कुलूप उघडत नाही. इथून पुढे जायचं तर पिन वर ढकलताना प्लग थोडा उलटा फिरू द्यावा लागतो, म्हणजे दाब कमी करावा लागतो. हातात आलेलं यश थोडं सोडावं लागतं, आणि सोडताना आधी बसलेल्या पिना पडण्याचा धोका असतो.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८१७ मध्ये खोट्या खाचा घातल्या गेल्या, याचा अर्थ दाब देऊन चाचपण्याची पद्धत ब्रामांच्या कारखान्यात माहीत होती. तरी खिडकीतली पाटी तशीच होती, आणि लोकांचा विश्वासही.

सांगायचं की लपवायचं?

१८५१ च्या प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये वाद पेटला. अनेकांचं म्हणणं होतं की ही पद्धत उघड करून हॉब्ज चोरांना शिकवतोय. १८५३ साली चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेलं कुलपांवरचं पुस्तक आलं, त्यात हॉब्जचा मोठा हात होता. त्यात उत्तर दिलं होतं. मतितार्थ असा: चोरांना आपल्या धंद्यातलं आपल्यापेक्षा जास्तच कळतं. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा साधा माणूस, आणि त्याला सत्य कळणं गरजेचं आहे.

हे उत्तर निःस्वार्थी माणसाकडून आलेलं नव्हतं. हॉब्ज पुढे लंडनमध्येच कुलपांच्या धंद्यात उतरला. पण हितसंबंध असलेला माणूसही बरोबर असू शकतो. त्याचं म्हणणं तपासायला पंच होते, सील होतं, दुसऱ्यांदा करून दाखवणं होतं. माणसावर विश्वास ठेवायची गरज पडू नये, म्हणूनच पद्धत असते. आणि चब-ब्रामा काही बुडाले नाहीत. कुलपं सुधारली, बोल्टचा दाब पट्ट्यांपर्यंत पोचूच नये अशा रचना आल्या.

तोच वाद पुन्हा झाला. २००३ साली संगणकशास्त्रज्ञ मॅट ब्लेझ यांनी मास्टर-की पद्धतीच्या कुलपांवर निबंध प्रसिद्ध केला. इमारतीतल्या एकाच खोलीची किल्ली आणि तिचं कुलूप जवळ असेल, तर थोड्या प्रयत्नांत सगळ्या खोल्यांची मास्टर-की कशी काढता येते, हे त्यात होतं. तिथेही एकेक पिन सुटी तपासता येते, म्हणून गुणाकाराची बेरीज होते. कुलूपवाल्यांची तक्रार होती की हे आम्हाला आधीच माहीत होतं, जाहीर का केलं? मग इमारतीत राहणाऱ्यांना ते कुणी सांगितलं होतं, हा प्रश्न उरतोच. आणि १९९६ साली पॉल कोचर यांनी दाखवलं की संगणक गणित करायला किती वेळ घेतो, एवढं मोजूनही गुप्त किल्लीची खबर काढता येते. धातूची पट्टी असो की चिप, मधली खबर फुटली की शक्यतांचा प्रचंड आकडा कामाचा राहत नाही.

तुमच्या कामासाठी

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी या प्रकरणातून चार गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात असं मला वाटतं.

एक, 'अजून कुणी करू शकलं नाही' हा पुरावा फार कच्चा असतो. ६१ वर्षं कुलूप उघडलं नाही, यातून एवढंच कळतं की प्रयत्न करणाऱ्यांकडे योग्य पद्धत किंवा पुरेसा वेळ नव्हता. कुणी, किती वेळ, कशाने प्रयत्न केला ते विचारा.

दोन, नियम आधी लिहा. सील, मुदत, पंच, काय मोकळं आणि काय बंद, हे सगळं ठरलेलं होतं म्हणून निकाल टिकला. आणि यंत्रणा पक्की बसवायची की नाही, हे आधी स्पष्ट झालं नाही म्हणून वादही तिथेच झाला.

तीन, मोठा आकडा दिसला की त्यामागचं गृहीतक शोधा. ४७ कोटी हा हिशेब म्हणून ठीक होता. स्लायडर एकमेकांपासून सुटे तपासता येणार नाहीत, हे गृहीतक चूक होतं.

चार, उत्तर मिळत नसेल तेव्हा जोर वाढवण्याआधी थांबा. जास्त नमुने, जास्त व्होल्टेज, जास्त तास लावून काही प्रश्न सुटतात, नाही असं नाही. पण ज्या प्रयोगात मोजण्याच्या क्रियेनेच सिग्नल दबतो, तिथे दाब कमी करून, स्थिर ठेवून, एका वेळी एकच गोष्ट चाचपावी लागते. तुमच्या प्रयोगात टेन्शन रेंच कोणती आहे, म्हणजे कुठला दाब तुम्ही न मोजता देताय, हे एकदा कागदावर लिहून काढा. गाइडबरोबरच्या पुढच्या बैठकीत बोलायला चांगला मुद्दा मिळेल.